मत आणि मताची मोजणी : बाबासाहेबांच्या जीवनातील एक धागा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरांत ठाऊक आहे. महू येथील जन्म, साताऱ्याची व मुंबईची शाळा, कोलंबिया आणि लंडन येथील अध्ययन, महाडचे चवदार तळे, नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे आमच्या विद्यालयातील पाचवीचे मूलही क्रमाने सांगते. म्हणून या स्मरणिकेत ते सर्व पुन्हा मांडण्याऐवजी त्यांच्या आयुष्यातील एकच धागा उलगडून पाहण्याचे आम्ही ठरविले. तो धागा मताचा आहे. मत कोणाला असावे, हा प्रश्न त्यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी हाती घेतला. आणि दिलेले मत कोणत्या रीतीने मोजले जावे, या प्रश्नाने अखेरच्या वर्षांपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही. पहिल्या प्रश्नावरील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. दुसऱ्याविषयी आपल्या सभा-समारंभांत क्वचितच बोलले जाते. वास्तविक त्यांच्या स्वतःच्या निवडणुकांतील जयपराजयांचा पुरता उलगडा या दुसऱ्या प्रश्नावाचून होत नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच सुमारास, येऊ घातलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार हिंदुस्थानात मताधिकार कोणाला द्यावा, याची चौकशी करण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी या तरुण प्राध्यापकाने समितीपुढे साक्ष दिली. त्या काळी मत हे मालमत्तेला चिकटलेले असे. अमुक इतका शेतसारा भरणारा, अमुक इतक्या भाड्याच्या घरात राहणारा, प्राप्तिकर देणारा, असा जो असेल तोच मतदार. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरू दिली नाही, धंदा करू दिला नाही, त्याला ही अट लावणे म्हणजे दार बंद करून किल्ली विचारण्यासारखे होते. बाबासाहेबांनी समितीला दाखवून दिले की, अशा अटींखाली अस्पृश्यांतील मतदार नावापुरतेच उरतील. त्यांच्यासाठी मताधिकाराची पात्रता खाली आणावी आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत, अशी त्यांची मागणी होती. माणूस आधी शिकून शहाणा व्हावा आणि मग त्याला मत मिळावे, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. सार्वजनिक कारभारात भाग घेणे हेच मोठे शिक्षण आहे. ज्याला त्यातून वगळले जाते तो त्या शिक्षणालाच मुकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

ही मागणी मान्य झाली नाही. १९१९ च्या कायद्याने मत मिळाले ते लोकसंख्येच्या अगदी लहानशा भागाला, आणि अस्पृश्यांच्या वाट्याला आली ती सरकारी नेमणूक. पुढे १९२७ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळात प्रथम बसले तेही सरकारनियुक्त सभासद म्हणूनच. महाडच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. लोकांनी मानलेला नेता विधिमंडळात मात्र गव्हर्नराच्या मर्जीने बसलेला, ही विसंगती त्यांना किती बोचली असेल, याची कल्पना करता येते. कारण पुढल्याच वर्षी ते याच प्रश्नाकडे वळलेले दिसतात.

१९२८ साली सायमन कमिशन आले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी निवेदन सादर केले आणि ऑक्टोबरात पुणे येथे साक्ष दिली. येथे वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. बाबासाहेब म्हणजे स्वतंत्र मतदारसंघांचे आग्रही पुरस्कर्ते, असा एक सरधोपट समज पसरलेला आहे. १९२८ साली त्यांची पहिली मागणी तशी नव्हतीच. त्यांनी मागितला तो सर्व स्त्रीपुरुषांना प्रौढ मताधिकार, आणि संयुक्त मतदारसंघांतच राखीव जागा. मुंबई विधिमंडळाच्या १४० जागांपैकी २२ जागा त्यांनी मागितल्या. प्रौढ मताधिकार मिळणार नसेल तरच स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. गावातील प्रत्येक महार, मांग, चांभार स्त्रीपुरुषाला मत मिळाले, तर सवर्ण उमेदवारालाही त्यांच्या वस्तीत पायधूळ झाडावी लागेल. परंतु शंभरांतील दोघांनाच मत मिळाले तर संयुक्त मतदारसंघात त्या दोघांना विचारतो कोण? स्वतंत्र मतदारसंघाची मागणी ही मताधिकाराच्या तुटवड्यातून आलेली होती. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील साऱ्या घटनांचा अर्थ बदलतो.

त्याच काळात आपल्या शेजारच्या सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डोनोमोर आयोगाच्या शिफारशींनंतर १९३१ साली एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना मताधिकार मिळाला. इंग्लंडात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. हिंदुस्थानात मात्र गोलमेज परिषदेच्या मताधिकार उपसमितीने लोकसंख्येच्या १० ते २५ टक्क्यांपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. बाबासाहेब, त्यांचे सहकारी रावबहादूर श्रीनिवासन आणि कामगार नेते ना. म. जोशी यांनी प्रौढ मताधिकार ताबडतोब द्यावा असे म्हणून आपला वेगळा सूर नोंदविला. अखेरीस १९३५ च्या कायद्याने सुमारे तीन कोटींहून अधिक लोकांना मत मिळाले. पूर्वीपेक्षा पुष्कळ, पण प्रौढ मताधिकारापासून दूर.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा जाहीर झाला. पुणे कराराची कथा आपल्या समाजात पुष्कळदा सांगितली जाते, परंतु ती बहुधा उपोषणाभोवती फिरते. आम्ही येथे केवळ मताची बाजू पाहणार आहोत. निवाड्याने अस्पृश्य मतदाराला दोन मते दिली होती. एक आपल्या विशेष मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी, आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात इतरांच्या बरोबरीने देण्यासाठी. जागा मात्र थोड्या होत्या. सर्व प्रांतिक विधिमंडळांत मिळून ७१. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी करारावर सह्या झाल्या. त्यानुसार जागा ७१ वरून १४८ वर गेल्या, मात्र दुसरे मत गेले. त्याच्या जागी दोन फेऱ्यांची व्यवस्था आली. पहिल्या फेरीत अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवारांची निवड करायची. मग त्या चौघांतून एकाची निवड सर्व हिंदू मतदारांसह संयुक्त मतदारसंघाने करायची.

वरवर पाहता जागा दुप्पट झाल्या. बाबासाहेबांनी पुढे या व्यवहाराचा हिशेब मांडला तो वेगळ्याच मापाने. जागा वाढल्या हे खरे, परंतु दुसरे मत हे असे हत्यार होते की त्याची किंमत जागांत करता येत नाही. ते मत हाती असते तर प्रत्येक सर्वसाधारण उमेदवाराला अस्पृश्य मतदाराची दखल घ्यावी लागली असती. चौघांतून एक निवडण्याचा अधिकार बहुसंख्याकांकडे गेल्यावर, पहिल्या फेरीत आपल्या लोकांनी सर्वांत खाली ठेवलेला उमेदवारही दुसऱ्या फेरीत निवडून येऊ शकत होता. शिवाय उमेदवार चार किंवा त्याहून कमी असतील तेथे पहिली फेरी घेण्याचे कारणच उरत नसे.

आता १९३७ सालाकडे येऊ. या लेखाचा गाभा खरे म्हणजे येथे आहे.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पुढील फेब्रुवारीत मुंबई इलाख्याच्या १७५ जागांच्या विधानसभेची निवडणूक झाली. त्यांपैकी १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. बाबासाहेब स्वतः मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघात उभे राहिले. समोर काँग्रेसचे उमेदवार होते पी. बाळू, म्हणजे बाळू पालवणकर. हिंदुस्थानच्या क्रिकेटमधील पहिल्या मोठ्या गोलंदाजांत त्यांची गणना होते, आणि तरुणपणी बाबासाहेबांनाही त्यांचे मोठे कौतुक होते. चर्मकार समाजातील हा कीर्तिमान खेळाडू आणि महार समाजातील हा विद्वान यांना एकमेकांसमोर यावे लागले, हे त्या राजकारणाचे दुर्दैव, असे आम्हांस वाटते. मोजणीत बाबासाहेबांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली.

येथे मते असा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत, मतदार असा नव्हे. कारण त्या निवडणुकीत एक मतदार एकाच उमेदवाराला एकाहून अधिक मते देऊ शकत होता. मुंबई इलाख्यात अनेक जागांच्या मतदारसंघांसाठी जी पद्धत ठरविण्यात आली होती तिला संचयी मतदान म्हणतात. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळतात. ती वाटून द्यावीत किंवा सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत, ही मतदाराची मुखत्यारी.

ही गोष्ट आकड्यांनी लवकर समजते. समजा, तीन जागांचा मतदारसंघ आहे आणि एक हजार मतदार आहेत. त्यांत आपल्या वस्तीचे मतदार अवघे २५१. प्रत्येकाला तीन मते. आपल्या २५१ जणांनी आपली सर्व मते एकाच उमेदवाराला दिली तर त्याची बेरीज ७५३ होते. उरलेल्या ७४९ मतदारांकडे एकूण २,२४७ मते आहेत. त्यांनी आपले तीन उमेदवार उभे करून मते अगदी सारखी वाटली तरी प्रत्येकाला ७४९ च पडतात. आपला उमेदवार चार मतांनी पुढे राहतो. म्हणजे एकचतुर्थांशाहून थोडे अधिक लोक एकजुटीने वागले तर तीनपैकी एक जागा त्यांच्यापासून कोणी हिरावू शकत नाही. तेच एकेक मताच्या साध्या पद्धतीत, तीन वेगवेगळ्या मतदारसंघांत विखुरलेले हे लोक तिन्ही ठिकाणी हरले असते. आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे गणित कागदावर मांडून पाहावे.

ही युक्ती काही हिंदुस्थानात जन्मलेली नव्हती. इंग्लंडात १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जी स्कूल बोर्डे निर्माण झाली, त्यांच्या निवडणुका याच पद्धतीने होत, आणि त्यामुळे कॅथलिकांसारख्या अल्पसंख्य पंथांनाही तेथे आपली माणसे पाठविता येत. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने त्याच वर्षीच्या आपल्या घटनेत ती दोन ठिकाणी घातली: विधिमंडळाच्या निवडणुकीसाठी आणि कंपन्यांच्या संचालकांच्या निवडणुकीसाठीही. यात नवल वाटण्याजोगे काही नाही. कंपनीत मत माणसाला नसते, भागाला असते. ज्याच्याकडे शंभरांतील एक्कावन्न भाग आहेत तो एकटाच साध्या बहुमताने सगळे संचालक निवडतो आणि एकोणपन्नास भागांचे मालक बाहेर उभे राहतात. मोठ्या भागधारकापुढे लहान भागधारकाची जी गत, तीच गावकीपुढे राजवाड्याची. दुखणे एक म्हणून औषधही एक. (आमच्या पालकांपैकी अनेक जण पतसंस्थांचे व दूध सोसायट्यांचे सभासद आहेत. तेथे भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. सहकारी संस्था आणि कंपनी यांच्यातील मोठा भेद हाच.)

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक सर्व विजयी झाले. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण समाजातील सहकारी सर्वसाधारण जागांवरून आले. या यशाचे श्रेय बाबासाहेबांच्या नेतृत्वाला आणि गिरणगावातल्या व कोकणातल्या कार्यकर्त्यांना आहेच. परंतु त्या कार्यकर्त्यांची मेहनत वाया गेली नाही याचे एक कारण मतमोजणीची ही रीत होती, हे नमूद न करणे अन्यायाचे ठरेल. निवडून आल्यावर बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्यासाठी विधेयक आणले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद झाले. तो इतिहास मोठा आहे. येथे त्याला स्पर्शच करून पुढे जातो.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला. पुणे करारात दिसलेले भय प्रत्यक्षात उतरले होते. पहिल्या फेरीत फेडरेशन पुढे आणि अंतिम फेरीत मागे, असे चित्र अनेक ठिकाणी होते. विधिमंडळात आपले बळ नाही, तर संविधान सभेत बाबासाहेबांनी जायचे कसे? येथेही मोजणीची एक रीत त्यांच्या मदतीला आली. संविधान सभेची निवडणूक प्रांतिक आमदारांनी एकल संक्रमणीय मताद्वारे करायची होती. या पद्धतीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि ठरावीक संख्येइतकी मते मिळालेला उमेदवार निवडून येतो. बहुमत लागत नाही. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेतला, आणि मोजक्या आमदारांच्या पहिल्या पसंतीच्या बळावर बाबासाहेब जुलै १९४६ मध्ये संविधान सभेवर निवडून गेले. साध्या बहुमताने निवड झाली असती तर बंगालच्या विधानसभेतून ते येऊ शकले नसते. फाळणीनंतर ती जागा राहिली नाही, बॅ. मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने मुंबईत रिकाम्या झालेल्या जागेवर काँग्रेसने त्यांना १९४७ च्या जुलैत निवडून आणले, आणि ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

संविधानात मताविषयी जे आले ते आपण जाणतोच. अनुच्छेद ३२५ ने सर्वांसाठी एकच मतदार यादी. धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणालाही तीतून वगळता येत नाही. अनुच्छेद ३२६ ने २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत. ही वयोमर्यादा पुढे १८ वर आली. साउथबरो समितीपुढे बसलेल्या त्या तरुण प्राध्यापकाची मागणी तीस वर्षांनी पुरती मान्य झाली, आणि तीही त्याच्याच हातून. मात्र त्याच मसुद्यातील एक बदल फारसा सांगितला जात नाही. आधीच्या मसुद्यात प्रांतांसाठी वेगवेगळे निवडणूक आयोग योजले होते. जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी सुधारणा मांडून सर्व देशासाठी एकच स्वतंत्र आयोग आणला. काही प्रांतांत भिन्न वंशाच्या वा भिन्न भाषेच्या लोकांची नावे यादीतून गाळली जात असल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. संविधानाने दिलेले मत तलाठ्याच्या वहीत हरवू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

मग मोजणीचे काय? या प्रश्नावर त्यांनी जे केले ते आम्हांस बराच काळ कोड्यात टाकीत आले आहे. १९४७ साली संविधान सभेला सादर केलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी पंतप्रधानाची निवडही सभागृहाने एकल संक्रमणीय मताने करावी, असे सुचविले होते. पुढे जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली तेव्हा मात्र बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. त्यांनी दोन कारणे दिली. पसंतीक्रम लिहिण्यासाठी मतदाराला निदान आकडे वाचता आले पाहिजेत, आणि बहुसंख्य मतदार निरक्षर होते. दुसरे असे की, लहान लहान गटांत विभागलेल्या सभागृहात सरकार टिकणार नाही आणि नव्या राष्ट्राला स्थैर्याची गरज होती. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी त्यांनी राखीव जागांवर भिस्त ठेवली. ही तडजोड त्यांनी राष्ट्रासाठी स्वीकारली, असे आमचे मत आहे; तिची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागली.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सभागृहाला भिक्खू संघाचे स्मरण करून दिले. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला ठाऊक होते, हे त्यांनी सांगितले. विनयपिटकात याचा तपशील आहे. मतभेद मिटत नसेल तेव्हा भिक्खूंना शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटल्या जात. दोन पक्षांच्या शलाका दिसण्यात भिन्न असत. शलाका घेण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत : गुप्त, कानात सांगून, आणि उघड. शलाका वाटणाऱ्या भिक्खूची निवडही सर्वांच्या संमतीने होई. लोभ, द्वेष, मोह आणि भय यांनी जो वाहवत जात नाही, आणि कोणी शलाका घेतली व कोणी घेतली नाही हे जो जाणतो, तोच त्या कामास योग्य. हे वाचताना आजच्या निवडणूक अधिकाऱ्याचे वर्णन वाचीत आहोत असे वाटते.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. मतदार सतरा कोटींहून अधिक. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. यादी करताना लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे यादीतून गेली.

राखीव जागांसाठी ८६ मतदारसंघ द्विसदस्य ठेवले होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि मतदाराला दोन मते. वरवर पाहता १९३७ चीच रीत. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६३ मध्ये एक अट होती : कोणत्याही मतदाराने एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता कामा नये. संचयाची मुभा काढून घेतली गेली. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक बाद. म्हणजे आपल्या माणसाला मत दिल्यावर दुसरे मत इतर कोणाला तरी द्यायचे, अन्यथा सोडून द्यायचे. आणि समोरच्या बहुसंख्य मतदाराने मात्र आपल्या दोन्ही मतांनी आपल्या पक्षाचे दोघेही निवडून आणायचे, राखीव जागेवरचाही.

बाबासाहेब मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर त्यांच्या जोडीला होते. ज्या गिरणगावाने पंधरा वर्षांपूर्वी त्यांना निवडून दिले होते त्याच परिसरात ते हरले. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांच्यावर १४ ते १५ हजार मतांची आघाडी घेतली. ७४,३३३ पत्रिका बाद ठरविल्याची तक्रार बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. मते वाया घालविण्याचा प्रचार झाल्याचाही त्यांचा आरोप होता. अर्ज यशस्वी झाला नाही. पराभवाला स्वातंत्र्यानंतरची काँग्रेसची लोकप्रियता, डाव्या पक्षांचा विरोध, फेडरेशनची तोकडी साधने अशी इतर कारणेही होती, आणि सर्व दोष कलम ६३ वर टाकणे योग्य होणार नाही. तरीही १९३७ आणि १९५२ शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय राहवत नाही. त्याच वर्षी मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठविले. राज्यसभेची निवडणूक एकल संक्रमणीय मताने होते.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. मतदारसंघ द्विसदस्य, जोडीला पुन्हा अशोक मेहता. दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे आपल्या मताचे वजन वाढेल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला होता आणि बाबासाहेबांनी तो साफ धुडकावला, अशी आठवण त्या वेळच्या कार्यकर्त्यांकडून सांगितली जाते. पराभव पत्करेन, पण मत कुजवायला सांगणार नाही, असा त्यांचा भाव होता. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून काही हजार मतांनी हरले. त्यांच्या अनुयायांनी दुसरे मत मित्रपक्षाला इमानाने दिले होते. पलीकडून तेवढ्या प्रमाणात परतफेड झाली नाही.

पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये फेडरेशनने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. ज्या जागेवर आपला माणूस बहुसंख्याकांच्या मर्जीवाचून येऊ शकत नाही, ती जागा आपली कशी, हा त्यामागचा प्रश्न होता. राखीव जागा नकोत, तर काय हवे? याचे उत्तर बाबासाहेबांनी त्याच वर्षीच्या भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तकात दिले आहे. भाषावार राज्य झाले की त्यात एखादी मोठी जात बहुसंख्य होणार आणि लहान समाज तिच्या दयेवर राहणार, ही भीती त्यांना होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ सुचविले नाहीत आणि राखीव जागाही सुचविल्या नाहीत. त्यांनी सुचविले ते दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान. भायखळा-परळला त्यांनी स्वतः अनुभवलेली ती रीत. तिला कोणाच्या जातीचा दाखला लागत नाही, मतदारांची विभागणी करावी लागत नाही, आकडे वाचता येण्याचीही गरज नाही. मतदाराने आपल्या पत्रिका हव्या त्या पेटीत टाकल्या की झाले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशात नवा कंपनी कायदा लागू झाला होता. त्याच्या कलम २६५ ने कंपन्यांना आपले संचालक संचयी मतदानाने किंवा एकल संक्रमणीय मताने निवडण्याची मुभा दिली, आणि २०१३ च्या कायद्यातही ती कायम आहे. तिचा उपयोग फार थोड्या कंपन्या करतात. राजकारणात मात्र उलट घडले. १९५७ च्या निवडणुकीत आंध्रातील एका द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. १९६१ साली संसदेने द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला. १९६२ पासून लोकसभेचा प्रत्येक मतदारसंघ एका जागेचा आहे आणि प्रत्येक मतदाराला एकच मत आहे.